कुणाचाच नसलेला बैल

दक्षिण सुदानातल्या बोर गावच्या बाजारात दुकान कसलंही असो, पाटीवर बैल पाहिजेच. न्हाव्याच्या पाटीवर बैल, मोबाईल चार्ज करून देणाऱ्याच्या पाटीवर बैल, औषधांच्या दुकानावरही बैलच. कपडे शिवणाऱ्या बाईने तर शिवणयंत्राशेजारी नवऱ्याचा बैल असा काढून घेतला होता, की आता तोच खाली बसून पाय मारणार असं वाटावं. हे सगळे आलिएरने रंगवलेले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कंबर धरून, डुगडुगत्या शिडीवर चढून. बैल रंगवून रंगवून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

बरं, कसाही बैल चालेल म्हणावं, तर तेही नाही. पोरगा वयात आला की बाप त्याला बैल देतो, आणि त्या बैलाचा रंग हेच त्या माणसाचं नाव होऊन बसतं. तांबडा बैल ज्याचा, तो मलुआल. पांढरा ज्याचा, तो माबियोर. ठिपक्याठिपक्यांचा ज्याचा, तो माकुआच. रस्त्यात बऱ्याचदा हाक मारतात ती त्याच नावाने, आणि पाटीवर एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक भांडायला येतं.

आलिएरचाही एक बैल होता. करडा, मालिथ. डावं शिंग पुढे वळवलेलं, उजवं मागे, कपाळावर पांढरी कोर. तो मात्र आलिएरने आजवर एकाही पाटीवर काढला नव्हता. मागणारे मागून थकले. तो फक्त घरात होता, खाटेमागच्या मातीच्या भिंतीवर. दरवर्षी भिंत सारवली की कोळशाने आणि राखेने तो पुन्हा काढायचा. लढाईच्या साली हल्लेखोरांनी त्यांची गुरं हाकून नेली, त्यात मालिथ गेला, आणि त्याच्यामागे धावलेला बापही गेला. आलिएर स्वतः तेव्हा जीव मुठीत धरून उलट्या दिशेला पळत होता. कुणी विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, "हाकून नेला." हाकून नेलेलं जनावर परत येऊ शकतं ना! मेलेलं येत नाही.

तर या आलिएरकडे गुरांची डॉक्टर किडेन आली. पोरगी हुशार, कामाला वाघ, पण जुबाची, राजधानीत वाढलेली. तिच्याकडे बैलाला नुसता बैल म्हणतात.

"आलिएरदादा, सोपं काम आहे," ती म्हणाली. "गुरांच्या बाजाराच्या तोंडाशी एक मोठा पत्रा लावायचाय. घटसर्प झालेलं जनावर काढा. गळा सुजलेला, जीभ बाहेर, लाळ गळतेय. लोक घाबरले पाहिजेत आणि गुरं लस टोचायला आणली पाहिजेत. पाणी ओसरलं की सगळे कळप नदीपलीकडच्या कुरणात जाणार. मग मी कुणाला शोधत फिरू?"

तिने नमुन्याचा कागदही आणला होता. त्यावर एक गंमतीची गाय होती. बशीएवढे डोळे, गळ्याला पट्टी, तोंडात थर्मामीटर. आलिएरला हसू आलं. त्याला अशी चित्रं मनापासून आवडायची. निर्वासितांच्या छावणीत दुधाच्या पावडरीच्या डब्यावरची हसरी गाय बघून बघूनच तो धुळीत काडीने काढायला शिकला होता.

त्याने बैल काढला, लोकांना बैलाचं जास्त वाटतं म्हणून. तांबडा काढला, कारण तांबडा रंग उरलेला होता. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा पांचोल काठी आपटत आला. आलिएरच्या बापाचा दोस्त, आडदांड, रागीट.

"आलिएर! उतर खाली."

"काय झालं, पांचोलकाका?"

"काय झालं म्हणून विचारतोस वर? माझा बैल का मारतोयस?"

"काका, तो तुमचा नाही. तो आपला असाच, कुठलाही बैल आहे."

"कुठलाही? बैल कधी कुठलाही असतो होय रे? तांबडा आहे की नाही? मी सकाळी उठलो, पोटभर घाटा खाल्ला, ठणठणीत बाजारात आलो, तर मी तिथे जीभ काढून मरून पडलोय! पोरं मला विचारतात, 'मलुआल आजोबा, गळा बरा आहे का आता?' माझ्या बापाने दिलेला बैल तो. त्याच्यावर मी गाणी रचली. आणि तू त्याची लाळ गाळतोस?"

"पुसतो, काका."

"पूस. आणि तो चिलीम का ओढतोय?"

"ते थर्मामीटर आहे."

"असेल. माझा बैल चिलीम ओढत नाही."

आलिएरने पत्रा पुसून पांढरा बैल काढला. संध्याकाळच्या आत शाळेचे हेडमास्तर माबियोर हजर. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले, "आलिएर, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतंस." त्यापेक्षा पांचोलची काठी परवडली. मग ठिपक्यांचा काढला, तर एक विधवा पत्र्यासमोर येऊन बसली आणि मेलेल्या नवऱ्याच्या नावाने गळा काढून रडायला लागली. एकदा मेला तेवढा पुरे नाही का, म्हणे. पट्ट्यापट्ट्यांचा काढला, तो तर रातोरात कुणीतरी दगडांनी चेचला. बारा दिवसांत चार बैल झाले. रंगावर रंग चढून पत्रा भाकरीएवढा जाड झाला आणि आलिएरचे खांदे उचलेनासे झाले.

डॉक्टर किडेननेही डोक्याला हात लावला. तांबडा नको, पांढरा नको, मग काय आभाळ रंगवायचं? आणि त्या शब्दावरच तिचे डोळे चमकले. "निळा काढा हो! निळा बैल कुणाचा असणार आहे?"

निळा बैल कुणाचाच नव्हता, हे खरं. कुणी भांडायला आलं नाही. उलट बाजार हसून हसून बेजार झाला. बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन बघायला आल्या. आणि गुरं टोचायला? एक शेपूटसुद्धा आलं नाही.

"अहो, का नाही येत?" किडेनने एका गुराख्याला विचारलं.

"कशाला यायचं, डॉक्टरबाई? आमच्यात निळी गुरं नाहीत. ते दुखणं निळ्या गुरांचं. जुबाकडे असतील तशी."

आता बोला! डॉक्टर तिथेच पत्र्याखाली उकिडवी बसली. तिच्या लशी बर्फाच्या पेटीत होत्या आणि बर्फ वितळत होता. सोमवारी कळप नदी ओलांडणार होते.

शुक्रवारी आलिएरची बहीण अलुएल आली. ती गुरांच्या तळावर राहायची. येताना नेहमी वाळलेला पोकळ भोपळा दुधाने भरून आणायची. या वेळी तो पालथा घालूनच तिने दारात ठेवला आणि घरात न येता उंबऱ्याशी बसली.

"वासरं जातायत, दादा. सकाळी गळा सुजतो, संध्याकाळी आडवी."

"किती गेली?"

"गुरं मोजायची नसतात रे, अपशकुन होतो! असं काय विचारतोस?" ती चिडली आणि मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "दूध आटलंय. धाकटी रात्रभर रडते. पोरांना मी दुधाऐवजी मासा चघळायला देते."

"मग टोचायला का आणत नाहीस? डॉक्टर फुकट टोचतेय."

"मी म्हटलं. पण तळावरचे म्हणतात, ते डॉक्टर लोक सुई टोचून गुरं मोजून घेतात, दुखणं बिखणं काही नाही. सगळा बनाव. खरं असतं तर खरं जनावर नसतं का काढलं? निळं काय काढलं, आम्ही काय पोरं आहोत?"

ती गेल्यावर आलिएरने पालथा भोपळा उचलून आत ठेवला. मग तो बाजारात गेला, पत्रा खांबावरून उतरवला आणि डोक्यावर घेऊन घरी आला. रस्ता थोडासाच, पण दोनदा थांबावं लागलं. पत्रा त्याने खाटेमागच्या भिंतीला टेकवला.

त्याची बायको अथिएंग ज्वारी निवडत होती. तिने पत्रा पाहिला, भिंतीवरचा मालिथ पाहिला, आणि सूप खाली ठेवलं.

"अजाकचे बाबा, दुसरा एखादा रंग उरला नाही का हो?"

"गावातला प्रत्येक रंग कुणाचा ना कुणाचा आहे. हा एवढाच आपला."

"आपला आहे म्हणूनच म्हणते."

"मीही म्हणूनच काढतोय."

तिने पुढे वाद घातला नाही. सूप घेऊन ती त्याच्या शेजारी येऊन बसली, एवढंच.

काळ्यात पांढरा मिसळून त्याने करडा केला. शिंगं सरसर आली, एक पुढे, एक मागे. कपाळावरची कोरही आली. तीस वर्षं हात तेच काढत होता, त्याला शिकवायला नको होतं. बशीएवढे डोळे काढले नाहीत, थर्मामीटर काढला नाही. मग गळ्याशी येऊन हात अडला. गळ्याखालची ती लोंबती कातडी! तिथे खाजवलं की मालिथ मान वर करून डोळे मिटायचा, आणि बाप म्हणायचा, "लाडावून ठेवू नकोस, उद्या तुझ्या मांडीवर बसेल." आलिएरने कुंचला खाली ठेवला, दोनदा पाणी प्यायला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"राहू द्या," अथिएंग म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि त्याने गळा सुजवला. जीभ बाहेर काढली. लाळ गाळली. पाय मुडपून बैल आडवा पाडला. सगळं संपेतो ऊन उतरायला लागलं होतं, आणि त्याला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्याने तसाच ओला पत्रा नेऊन खांबावर टांगला. घरी आला आणि खाटेवर भिंतीकडे पाठ करून झोपला.

शनिवारी बाजारात कुणी हसलं नाही. लोक येत होते, बघत होते, एकमेकांना विचारत होते. हा करडा कुणाचा? शिंगं बघा. हा तर रंगाऱ्याचा! दुपारपर्यंत ही बातमी तळातळावर पोचली, आणि तिच्यामागोमाग दुसरं बोलणं. स्वतःचा बैल कुणी खोट्यासाठी मारत नाही. रंगाऱ्याने आपला मारला, म्हणजे दुखणं खरं असणार.

रविवारी पहाटेपासून लाकडी कठड्यापाशी गुरांची रांग लागली. तांबडी, पांढरी, ठिपक्यांची, पट्ट्यांची, सगळी. धुळीने सूर्य दिसेना. डॉक्टर किडेन टोचून टोचून घामाघूम झाली. मधेच तिने अलुएलला विचारलं, "कालपर्यंत कुणी ऐकत नव्हतं. या बैलात असं काय आहे?" अलुएल आपली गाय धरून उभी होती. तिने गाय कठड्याकडे पुढे ढकलली. हे बाहेरच्या माणसाला कसं समजावायचं?

आलिएर कठड्याकडे फिरकलाच नाही. घरातच पडून होता. अंगात ताप नव्हता, काही नव्हतं, नुसतं उठवत नव्हतं. उन्हं कलल्यावर अंगणात पावलं वाजली. एकाची नव्हेत, बऱ्याच जणांची. अथिएंग आत आली. "अहो, उठा. माणसं आलीयत."

"भांडायला?"

"बसायला आलीयत."

तो बाहेर आला. अंगणात त्याच्या बापाच्या वयाचे सहा-सात म्हातारे चटयांवर बसले होते. गळ्यातले मणी काढून ठेवलेले, कपाळाला राख. हेडमास्तर माबियोर खाली मान घालून एका कडेला बसले होते. पांचोल मधे होता, आणि त्याचं पांढरं केसाळ डोकं आज कोरं होतं. घरातलं माणूस गेल्यावर करतात, तसं सफाचट.

"काका, हे काय?" आलिएरने विचारलं.

"काय म्हणजे? बैल गेला तुझा. दुखवट्याला बसायला नको?" पांचोलचा आवाज आज खाली होता. "ते डावं शिंग वळवायला तुझ्या बापाबरोबर मी बसलो होतो. मी धरलं होतं, ते पुढे वळावं म्हणून त्याने एका बाजूने कापलं होतं. त्या साली आपण सगळे पळत होतो. कोण कुणाकडे बसणार? तुझ्या बापासाठीही कुणी बसलं नाही, पोरा. मीसुद्धा नाही."

मग रीत असते तसं त्याने विचारलं, "कधी गेला?"

आलिएरने तोंड उघडलं. हाकून नेला, हेच ओठांवर होतं. तीस वर्षं तेच होतं. अंगणातले सगळे वाट बघत होते, घाई कुणालाच नव्हती.

"लढाईच्या साली," तो म्हणाला. "मेला, काका. दोघंही मेले."

पांचोलने मान हलवली, आणि जरा सरकून चटईवर त्याला जागा करून दिली.