कीर्तीची हळद कोणी लावायची?

लग्नघरात भांडण कशावरून पेटेल याचा नेम नसतो. आहेरावरून पेटतं, मानपानावरून पेटतं, जिलेबी करायची की बासुंदी यावरूनही पेटतं. एक भांडण मात्र बहुतेक घरांत होतच नाही, कारण ज्या बाईनं ते करायला हवं तिला लहानपणापासून गप्प बसायला शिकवलेलं असतं. सोलापुरात शुक्रवार पेठेत रुद्राणीच्या घरी गेल्या वैशाखात ते भांडण झालं, आणि बरं झालं, झालं ते!

रुद्राणीला तुम्ही नावानं ओळखणार नाही, चेहऱ्यानं ओळखाल. सिनेमा-मालिकांत ज्यांना चरित्र अभिनेत्री म्हणतात त्यांतली ती एक. म्हणजे नायिकेची आई, नायकाची मावशी, कोर्टातली साक्षीदार, नळावर भांडणारी बाई. गणेशोत्सवातल्या नाटकांत ती पूर्वीपासून कामं करायची. नवरा शिवयोगी सहकारी बँकेत कारकून होता आणि त्याला बायकोच्या अभिनयाचं भारी कौतुक. तालमीला तिला स्कूटरवरून सोडायचा आणि घरी येऊन स्वतः भात लावायचा. एके दिवशी बँकेतच त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. त्यांची एकुलती एक मुलगी कीर्ती तेव्हा आठवीत होती.

त्यानंतर वर्षभर रुद्राणी घराबाहेर पडली नाही. शेवटी तिची सासू निंगव्वाच एकदा म्हणाली, "किती दिस भिंतीकडं बघत बसनार हायस? तुला नाटक येतंय न्हवं? मग जा की मुंबईला. पोरीला आमी बघतो."

निंगव्वा स्वतः तिशीच्या आत विधवा झालेली. दोन मुलगे तिनं लोकांच्या घरच्या भाकऱ्या थापून वाढवले होते. तिच्या शब्दावर रुद्राणी गेली. पहिल्या सिनेमात तिला एकच वाक्य होतं, तेही संकलनात उडालं. दुसऱ्यात ती प्रेत झाली. डास चावत होते तरी हलली नाही, म्हणून दिग्दर्शकानं खूश होऊन तिचा नंबर ठेवून घेतला. अशी ती एकेक पायरी चढत गेली. इकडे कीर्तीची शाळा, कॉलेज, डबा, आजारपण हे सगळं रुद्राणीच्या थोरल्या जावेनं, चन्नम्मानं सांभाळलं. चन्नम्मा तोंडानं फटकळ, पण तिनं कीर्तीला कधी परकं मानलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं तिचा राग येईल तेव्हा लक्षात असू द्या.

तीन वर्षांपूर्वी रुद्राणीला एका रोजच्या मालिकेत 'अन्नपूर्णामाई'ची भूमिका मिळाली. मोठ्या घराण्यातली थोरली सून, साऱ्या गावाची सवाष्ण. निवड करताना दिग्दर्शक म्हणाले होते, "या कपाळावर कुंकू काय शोभेल!" त्या बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. रोज सकाळी मेकअपमन तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू रेखायचा, गळ्यात मंगळसूत्र, हातांत हिरवा चुडा चढायचा आणि माई गावभरच्या सुनांच्या ओट्या भरत सुटायची. संध्याकाळी पॅकअप झालं की रुद्राणी तेलाचा बोळा घेऊन ते कुंकू स्वतः पुसायची. पहिल्या दिवशी पुसताना ती रडली होती. पुढं सवय झाली, पण ते काम तिला कधीच आवडलं नाही.

तर अशी ही रुद्राणी लेकीच्या लग्नासाठी रजा काढून घरी आली. गल्लीत रिक्षातून उतरते न उतरते तोच बायकांनी घेरलं. एकीनं आपल्या गरोदर मुलीला पुढं ढकललं. "माई, हिच्या डोक्यावर हात ठेवा की! तुमचा हात लई शुभ."

रुद्राणीचं मोकळं कपाळ त्या बाईच्या पुढ्यातच होतं. पण तिला टीव्हीवरचं कुंकूच दिसत होतं, त्याला काय करणार! रुद्राणीनं हात ठेवला आणि ती घरात आली.

आत चन्नम्मा हळदीसाठी पाच सवाष्णी ठरवत बसली होती. कीर्तीची मामी, शेजारची वहिनी, अशी नावं घेत घेत ती स्वतःपर्यंत आली आणि थांबली.

"आणि आई?" कीर्तीनं विचारलं.

"आई दारातनं बघंल की. आन जेवायला वाढंल समद्यांना."

"मोठी आई, लग्न माझं आहे. मला जन्म दिला तिनं. ती दारातनं बघणार आणि शेजारच्या वहिनी हळद लावणार?"

"रीत हाय ती, मी केलेली न्हाय," चन्नम्मा म्हणाली. "आन मला तरी लई हौस हाय का? तुज्या संसाराला दृष्ट लागू नये म्हणून जीव तुटतोय माजा."

रुद्राणीनं लेकीला डोळ्यांनी गप्प केलं. भावाच्या मुलांच्या लग्नांत ती अशीच आत थांबली होती, पोळ्या लाटत. पण ती भाचरं होती. ही पोटची पोर. तिच्या पायांना हळद लावावी, तिचा चेहरा ओंजळीत धरावा, एवढीच इच्छा, आणि तीच मागायची चोरी!

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. नवरामुलगा अनीश होटगीचा. त्याची आई प्रेमलाताई हायस्कूलमध्ये शिक्षिका, दर महिला दिनाला भाषण ठरलेलं. चन्नम्मालाही ऐकू यावं म्हणून रुद्राणीनं फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, जरा पंचाईत झालीय," प्रेमलाताई म्हणाल्या. "अनीशच्या आत्या अक्कलकोटकडून आल्यात. माईंच्या भक्त आहेत त्या. उद्या आम्ही उष्टी हळद घेऊन येऊ तेव्हा कीर्तीला पहिली हळद माईंनीच लावायची, असा हट्ट धरून बसल्यात."

"त्यांना माहीत नाही का?" रुद्राणीनं विचारलं.

"तुमचं ते… नाही. आम्ही मुद्दाम काढलं नाही. म्हणून म्हणते, तुम्ही सरळ माईंच्या वेशातच या ना. ते मोठं कुंकू, चुडा, मंगळसूत्र. आत्या खूश, फोटोही छान येतील."

चन्नम्मानं टाळीच वाजवली. "झालं की मग! रुद्रा, तुजी बी इच्छा पुरी होतीय. माई म्हणून लाव. सोंगाला कसला आलाय दोष!"

खोटं का सांगू, रुद्राणीला क्षणभर आनंदच झाला. हात लेकीला लागतोय ना, मग कुठल्या का नावानं लागेना!

दुसऱ्या दिवशी गल्लीत मांडव सजला, पाट मांडला, होटगीची मंडळी हळदीची वाटी घेऊन आली. आतल्या खोलीत रुद्राणी आरशापुढं बसली. माईचं सामान तिच्या मुंबईहून आणलेल्या बॅगेत होतंच. हात सरावाचा, एका रेषेत कुंकू उमटलं. चुडा चढला. मंगळसूत्र घालायला तिनं हात वर केले आणि तिला आरशात अन्नपूर्णामाई दिसली. ही बाई शिवयोगीला ओळखत नव्हती. हिनं कीर्तीला कधी तापात मांडीवर घेतलं नव्हतं. ही आता मांडवात जाऊन तिच्या मुलीला हळद लावणार, आणि तिची आई? ती कुठं गेली म्हणायची?

रुद्राणीला मनापासून राग आला. मुंबईच्या दुकानातलं खोटं मंगळसूत्र मांडवात चालतं, आणि खरी आई चालत नाही! तिनं तेलाचा बोळा उचलला, कुंकू पुसलं, चुडा उतरवला. या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आपली जांभळी इरकल नेसून ती मांडवात आली.

आत्याबाई वाटी घेऊन उभ्याच होत्या. "अगं बया, माई! कुंकू कुटं हाय तुमचं? तयार न्हाय झाला अजून?"

"मी तयार आहे, आत्याबाई," रुद्राणी म्हणाली. "पण मी माई नाही. मी रुद्राणी, कीर्तीची आई. माझे मालक वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. कुंकू लावून, सोंग घेऊन आले असते तर माझा हात तुम्हाला चालणार होता. तोच हात मोकळ्या कपाळानं घेऊन आलेय. माईचा या पोरीशी काही संबंध नाही. हळद तिची आई लावणार आहे."

आत्याबाईंनी वाटी छातीशी ओढून घेतली. "विधवा बाईनं हळद लावायची? प्रेमला, काय हे? आमाला सांगितलं का न्हाय?"

प्रेमलाताई खाली बघू लागल्या. चन्नम्मा धावत आली आणि तिनं रुद्राणीचा दंड धरला. "रुद्रा, पाया पडते तुज्या, हट्ट करू नगं. पोरीच्या संसाराला काय झालं तर? मला लई भ्या वाटतंय गं!"

"चन्नव्वा!"

हाक स्वयंपाकघराच्या दारातून आली होती. निंगव्वा भिंतीला धरून उभी होती. मंगलकार्य असलं की ती कधी चुलीपासून हलत नसे. ती आता रुद्राणीलाच आणखी चार शब्द सुनावणार, असं सगळ्यांना वाटलं.

"चन्नव्वा, तुज्या हळदीला मी हात लावला व्हता का?"

"न्हाय, अव्वा."

"हिच्या लग्नात माज्या शिवयोगीला?"

"न्हाय."

"चुलीपाशी बसून व्हते. पोटच्या पोराची हळद, पर सावलीसुदिक पडू दिली न्हाय. म्हनलं, माजं नशीब त्याला नगं लागाया. मग राहिला का त्यो? माजा हात लागला न्हवता, तरी गेलाच की!"

निंगव्वा हळूहळू चालत पाटाजवळ आली.

"आन हिला हळद लावली कुनी? पाच सवाष्णींनीच न्हवं? त्यातली एक तू व्हतीस, चन्नव्वा. मग ही विधवा झाली ती तुज्या हातानं, असं म्हनू?"

"अव्वा!" चन्नम्मा किंचाळलीच.

"न्हाय म्हनत, बाई. कुनाच्याच हाताचा गुन्हा न्हाय त्यो. मरान काय हळदीच्या वाटीतनं येतंय व्हय? उगं भ्यालो आपुन. मी जलमभर भ्याले आन पोरांच्या सुखाला मुकले. आता हिला मुकू देनार न्हाय!"

चन्नम्माच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांचे हात शुभ-अशुभ ठरवत आली होती. स्वतःच्या हाताबद्दल असा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, आणि विचारल्यावर किती लागतं हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं पदरानं डोळे पुसले, सरळ आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

"घे, रुद्रा. मी चुकले. पयली हळद तू लाव."

प्रेमलाताईही उठल्या. "ताई, मी तुम्हाला सोंग घ्यायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "शिकलेली बाई मी, आणि लोकांना घाबरले. मला क्षमा करा." आत्याबाई मात्र तोंड फिरवून खुर्चीवर बसल्या त्या जेवणापर्यंत. सगळेच एका दिवसात बदलत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मांडवानं थांबायचंही कारण नाही!

रुद्राणीनं लेकीच्या पायांना हळद लावली, गुडघ्यांना, खांद्यांना, मग गालांना. कीर्ती रडत होती आणि हसतही होती. तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की निंगव्वा परत स्वयंपाकघराकडे निघाली आहे.

"अव्वा, तू कुठं चाललीस?" कीर्तीनं हाक मारली. "तुझी हळद राहिली की!"

म्हातारी थांबली. सगळ्यांना ठणकावून सांगणारी ती बाई एकदम लाजली. पदराला हात पुसत ती पाटापाशी आली, वाटीत दोन बोटं बुडवली आणि तशीच उभी राहिली. पिवळी झालेली बोटं तिनं डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"कुटनं सुरू करत्यात गं?" तिनं हळूच विचारलं. "मला ठावं न्हाय."

चन्नम्मानं तिचं मनगट धरलं. "पायापासनं, अव्वा. बसा. मी दावते."

मंडळी, ऐंशीच्या घरातल्या एका बाईला, दोन मुलांच्या आईला, हळद कशी लावतात हे माहीत नव्हतं, कारण आपण तिला ती कधी लावूच दिली नाही. नवरा गेला हा तिचा अपराध नव्हता. शिक्षा मात्र आपण जन्मभराची दिली आणि त्या शिक्षेला रीत असं नाव दिलं. कुठलाही हात विधवा होत नसतो. तुमच्या घरी कार्य निघेल तेव्हा पाच नावं काढायला बसण्याआधी आईला, आजीला, बहिणीला हाताला धरून पुढं आणा. ती नको म्हणेल, कारण तिला तसंच शिकवलंय. तरीही आणा!