दोन जावांची काथवट

एकाच कणकेचे ज्यांनी दोन गोळे केले आणि वर त्याला शिस्त म्हटलं, त्यांनी मला एकदा तरी विचारायला हवं होतं. मी काथवट बोलतेय. अक्रोडाच्या लाकडाची, अंत्युखिया शहरातली.

शप्पीरा आणि युनिका या दोन जावांच्या हाताखाली मी वाढले. शनिवारी सगळं घर यहुद्यांच्या सभास्थानात जाई. रविवारी पहाटे धाकटी युनिका आणि तिचा नवरा येशूच्या माणसांबरोबर भाकर मोडायला जात. तीही माझ्यातच मळलेली. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

यहुद्यांचा वल्हांडण सण आला की खमिराचा कणही घरात चालत नाही. मग दोघी मला अंगणात घेऊन शिंपल्यांनी खरवडत.

"धाकटे, तुझ्या कोपऱ्यात अजून पीठ आहे. डोळे रविवारी तिकडेच विसरून आलीस काय?"

"तुमचं लक्ष माझ्या कोपऱ्यात, जाऊबाई, म्हणून तुमचा तसाच राहिलाय!"

मग येशूच्या मंडळीला अध्यक्ष मिळाला, थिओनास. माणूस वाईट नव्हता. उपाशी विधवांना त्यानं जेवू घातलं. पण तो म्हणाला, "आपला सण कधी, हे सभास्थानवाल्यांना विचारायचं नाही. त्यांच्यासोबत मळायचं नाही." त्याच आठवड्यात सभास्थानातल्या वडीलधाऱ्यांनीही बजावलं, येशूवाल्यांच्या हातची कणीक घरात नको. एरवी कशावर पटेना, यावर मात्र एकमत!

युनिकानं बिऱ्हाड हलवलं. शप्पीरानं मला उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं.

"ने. तुझ्या हातची कणीक मऊ होते."

"आणि तुम्हाला?"

"काथवट काय गं, बाजारात मिळते."

युनिकाला वाटलं, निदान मी तरी तिची राहीन. पण वर्षभरातच ठरलं, मंडळीची रविवारची भाकर नेमलेला सेवकच मळणार. मला मंडळीच्या घरी नेऊन कुलपात ठेवलं. आता आठवड्यातून एकदा बाहेर येते. माझं मागणं एवढंच: मला एखाद्या उघड्या अंगणात ठेवा, आणि ज्याला भूक आहे त्याला मळू द्या.

काल सेवकानं मला कणकेसकट बारलाहा भटाऱ्याच्या भट्टीवर आणलं. मागे युनिका होती, भाजलेल्या भाकरी उचलायला. तिथे शप्पीरा आधीच उभी. दोघींनी माना वळवल्या. शेवटी थोरलीलाच राहवलं नाही.

"पोरीचा ताप उतरला का गं?"

युनिकाचे ओठ हलले. पण तिनं आधी सेवकाकडे पाहिलं.

बारलाहानं भट्टीतलं फावडं बाहेर ओढलं. तो ना यांचा, ना त्यांचा.

"अगं बाई, त्याच्याकडे काय बघतेस? पोर तुझी आहे ना?"