ब्रीनाची घंटा

या, जवळ बसा. आमच्या डोंगरातल्या एका कुत्रीची गोष्ट सांगतो.

शिकारी एवारिस्तोने आपल्या ब्रीना कुत्रीला शिकवलं होतं, पक्ष्याचा वास आला की जागीच थांबायचं, पाठीवर त्याचा हात पडेपर्यंत हलायचं नाही. गळ्यातली घंटा थांबली की त्याने तिच्याकडे जायचं.

"अहो, घंटा ऐकू येते का तरी?" एका थंडीच्या दिवशी तो शिकारीला निघाला तेव्हा बायको देल्फिनाने विचारलं.

"तुझी बडबड येते की!" म्हणत तो ब्रीनाला घेऊन धुक्यात रानात शिरला.

वाजणारी घंटाच ज्याला ऐकू येत नाही, त्याला थांबलेली काय कळणार? अंधार पडेपर्यंत हाका मारून तो एकटाच परतला. रात्रभर बर्फ पडलं. सकाळी ब्रीना झुडपापाशी सापडली, एक पाय उचललेला, उभ्या उभ्या गोठलेली.

त्याने पाठीवर हात ठेवला. "आता हल गं, पोरी."

प्रार्थनेला बसाल तेव्हा, पाठीवर हात पडेपर्यंत न हललेल्या ब्रीनाची आठवण ठेवा.