सारख्याच अकरा प्रती

रंगाऱ्याची बायको वर्षभर चौथ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. गुडघे पार गेले होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तळमजल्यावरची खोली विकायला निघाली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आता तरी ती पुस्तकं विका, ती खोली घेऊ."

रंगाऱ्याचा जन्म गॅरेजात जुन्या मोटारींना रंग देण्यात गेला होता. स्वतःची मोटार कधी झाली नाही. निवृत्तीनंतर तो मोटारींवरची पुस्तकं घ्यायला लागला. कधीच बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्याच्या गाड्यांवर एकच पुस्तक निघालं होतं, तेही मोजक्या प्रतींचं. ते दिसलं की हा घ्यायचाच. दर वेळी भाव चढलेला. "बघ, सोन्याला मागे टाकलं!" म्हणायचा. फंड त्यातच गेला. उन्हाने वेष्टनं विटतात म्हणून खिडकीला बारमाही जाड पडदा.

अखेर जुन्या पुस्तकांचा व्यापारी आला. पहिली प्रत बघून त्याचे डोळे चमकले. रंगाऱ्याने कौतुकाने अकराच्या अकरा पलंगावर मांडल्या, तेव्हा तो कपाळाला हात लावून खालीच बसला.

"काका, हे पुस्तक कोण उचलतंय, आम्हाला कळतच नव्हतं. ते तुम्हीच?"

"मग? भाव चढत होता ना!"

"तुम्ही घेत होतात म्हणून चढत होता. अकरा एकदम काढलीत तर रद्दीवालासुद्धा घासाघीस करेल."

शेवटी एकच प्रत लिलावात लावायची, बाकीच्यांची वाच्यता करायची नाही, असं ठरलं.

लिलावाच्या दिवशी रंगारी फोन कानाला लावून बसला. कुणी बोली लावेना. लिलाववाला भाव उतरवत चालला. ओट्याला धरून उभ्या बायकोला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, "माझी बोली धरा. मागच्याच भावाने."

"अहो, स्वतःचंच पुस्तक?"

"अगं, भाव पडू दिला असता तर उरलेल्या सगळ्यांची माती झाली असती."

पुस्तक कुरिअरने घरी आलं. व्यापाऱ्याला दलाली द्यावी लागली ती लागलीच. तळमजल्याची खोली दुसऱ्याच कुणीतरी घेतली.

ते कळलं तेव्हा बायको दाराकडे निघाली. चप्पल घातली, कठडा धरला आणि उतरू लागली. अर्ध्या जिन्यात गुडघे आखडले. वर जाववेना, खाली उतरवेना. ती पायरीवर बसली.

रंगारी धावत आला. "कुठे निघालीस?"

"खाली."

"खाली कुठे पण?"

ते तिलाही माहीत नव्हतं. तो शेजारी टेकला. म्हणाला, "उद्या सगळी काढतो. येईल त्या भावाला."

"उद्याचं उद्या. आधी मला उठवा."

त्याने तिच्या काखेत हात घालून जोर लावला. ती हलली नाही. मग दोघं तिथेच बसून राहिले, कुणी जिना चढून येतंय का, याची वाट बघत.