पिक्चरमधला आवाज

ज्या सिनेमानं अकराव्या दिवशी थिएटरमधून गाशा गुंडाळला, त्याला चाळीस वर्षांनी कुणी वाली भेटेल असं हैदरला कधी वाटलं नव्हतं. पण कुणा रिकामटेकड्यानं 'सातवा कासिद' यूट्यूबवर चढवला आणि सहा महिन्यांत त्याच्याखाली नऊशे लोकांनी आपापली मतं लिहून टाकली. माणूस एक वेळ उपाशी राहील, पण मत दिल्याशिवाय त्याला करमत नाही. त्या सिनेमात हेराचं काम करणारा हिरो म्हणजे हैदर. हे त्याचं पहिलं आणि शेवटचं काम.

त्याची मुलगी खुशनुमा औरंगाबादला गारखेड्यात एका मराठी शाळेत शिकवते. शाळेतून आली की ती चहाबरोबर ही मतं वडिलांना वाचून दाखवायची. 'हेरगिरीवरचा इतका चांगला पिक्चर, लोकांनी वाया घालवला.' 'कथा मध्येच डुलक्या काढते, पण किल्ल्यातला पाठलाग चुकवू नका.' 'हिरोला मारामारी येत नाही आणि नाच तर मुळीच येत नाही, पण आवाज ऐका, आवाज.' या आवाजाखाली मग रांगच लागलेली. असा आवाज असलेला माणूस पुढं गेला कुठं, त्यानं एकच पिक्चर का केला, अशी चौकशी चाललेली. इंदूरच्या एका बाईनं तर लिहिलं होतं की ती हा सिनेमा डोळे मिटून ऐकते. खाटेवर लसूण सोलत बसलेली गौहर, हैदरची बायको, हे मत रोज दोनदा वाचायला लावायची.

हैदर मान हलवायचा. बोलणं त्याला त्रासाचं झालं होतं. घशात गाठ होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक पाडतील, श्वास तिथून घ्यायचा. पुढं सरावानं यंत्र लावून बोलता येईल, पण तो आवाज यंत्राचा. ऑपरेशनला गुरुवारची तारीख मिळाली होती.

"आवाज कुठं जातोय अब्बू?" खुशनुमा म्हणाली. "तो पिक्चरमध्ये हाय की. अम्मीच्या मनात आलं की लावायचा आणि ऐकायचा."

गौहरनं पदरानं डोळे पुसले. हैदरनं कपातला चहा तसाच ठेवला. मरणाची भीती त्याला वाटत होती तेवढी वाटत होती, पण मुलीचं हे समाधान त्याला जास्त लागलं. कारण सिनेमातला तो आवाज त्याचा नव्हता.

झालं होतं असं. चौऱ्याऐंशी साली मुंबईची मंडळी दौलताबादच्या किल्ल्यावर शूटिंगला आली. ठरलेला हिरो दुसऱ्याच दिवशी निर्मात्याशी भांडून पळाला. हैदर तेव्हा तेवीस वर्षांचा, युनिटला जेवणाचे डबे पोचवायचा. उंचापुरा होता, आणि मुख्य म्हणजे पळालेल्याचे कोट त्याला नेमके बसले. पुढं डबिंगला त्याला मुंबईला बोलावलं. हेर विलायतेहून शिकून आलेला, तोंडी सगळी जड उर्दू. हैदरनं पहिलं वाक्य म्हटलं आणि काचेपलीकडची माणसं खो खो हसली. बोलण्यातला औरंगाबाद जाता जाईना, 'हौ' आणि 'नक्को'चा सूर प्रत्येक शब्दाला चिकटून यायचा. दुपारी रेडिओच्या नाटकांत काम करणारा एक जाडजूड गृहस्थ आला, पान थुंकून आत गेला आणि तीन दिवसांत अख्खा सिनेमा बोलून निघून गेला. त्याचं नाव पडद्यावरही आलं नाही.

खोटं असं हैदर स्वतःहून कधी बोलला नव्हता. गावात पिक्चर लागला तेव्हा आई म्हणाली, इतकं गोड बोलतोस तर घरी का नाही बोलत. तो नुसता हसला. दोन वर्षांनी गौहरचं स्थळ आलं. तिनं सिनेमा पाहिला होता आणि आवाजावर भाळून होकार दिला होता, तेव्हाही तो हसला. लग्नानंतर तिनं विचारलं, आवाज असा फाटका कशानं झाला, तर कारण तयारच होतं. एव्हाना तो वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारायला लागला होता. रोज चार-पाच तास ओरडल्यावर आवाज बसणारच. गौहरला ते पटलं. कित्येक वर्षं तिनं त्याला ज्येष्ठमधाचा काढा करून पाजला, आणि हा गडी तो मुकाट्यानं प्यायला.

एकदा असं काही पोटात ठेवलं की त्याला राखण बसवावी लागते. लग्नात व्हिडिओवाला माइक घेऊन आला की हैदर जेवणाच्या मांडवाकडे सटकायचा. मोबाइल आले, बोलून निरोप पाठवायची सोय आली, तरी हा एका बोटानं टाइप करत बसायचा. दोन आवाज शेजारी-शेजारी ठेवून कुणी ऐकू नयेत, एवढीच काळजी. त्याचा परिणाम असा, की चौसष्ट वर्षं या जगात बोललेल्या आणि त्यातली पस्तीस वर्षं बाजार गाजवलेल्या माणसाचा आवाज कुठंही भरलेला नव्हता. गुरुवारनंतर तो असल्याचा पुरावाही राहणार नव्हता.

शनिवारी दुपारी पुंजाराम वैजापूरहून भेटायला आला. हा कांदा पिकवणारा शेतकरी, हैदरनं पुकारलेला पहिला ट्रॅक्टर याचाच. खुशनुमा शाळेत होती, गौहर स्वयंपाकघरात. पुंजारामनं कांद्याची पिशवी दाराशी टेकवली आणि खुर्ची ओढून जवळ बसला.

"हैदरभाई, पोरानं तुमचा पिच्चर दाखवला. तोंड तुमचं हाय, पर आवाज तुमचा नाय."

हैदरनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. "हळू बोल," तो म्हणाला.

"मंग घरी कुणालाच ठावं नाय?"

"नाय."

पुंजारामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सांगून टाका. चार दिसांनी सांगायचं म्हनलं तरी कशानं सांगसाल?"

"तोंडातून निघत नाय, पुंजाराम. तिनं आवाजासाठी लगीन केलं माझ्याशी. आता ह्या टायमाला काय सांगू तिला?" हैदरनं दम खाल्ला. मग म्हणाला, "तू एक कर. त्या पिक्चरखाली सगळे लिवतेत, तसं तू लिव्ह. खुशनुमा रोज वाचती. तिच्या तोंडून निघालं की मी नुसतं हौ म्हनीन. एवढं जमंल मला."

चाळीस वर्षांचं ओझं एका 'हौ'वर उतरवायचं, असा हा बेत. पुंजारामला तो फारसा पटला नाही, पण आजारी माणसाचा शब्द त्यानं मोडला नाही. त्याच्या मोबाइलवरचं खातं मुलाच्या नावाचं, गोकुळच्या. त्यावरूनच त्यानं लिहिलं आणि चारच्या गाडीनं गावी गेला.

सोमवारी संध्याकाळी खुशनुमानं फोन काढला तेव्हा तिचा चेहरा आधीच लाल झाला होता. "कुणी गोकुळ म्हणून हाय," ती म्हणाली. "ऐका काय लिहिलंय. 'ह्या पिच्चरमधी आवाज हैदरभाईचा नाय, दुसऱ्या कुनाचा हाय. हैदरभाईचा आवाज मी पस्तीस वर्सं मार्केटात ऐकला. तो ह्याच्याहून लई भारी व्हता.'"

नऊशे मतांत हे एकच मत हैदरच्या खऱ्या आवाजाविषयी होतं. लई भारी, असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि ते मुलीच्या तोंडून त्याला ऐकायला मिळालं होतं. त्याला इतका आनंद झाला की क्षणभर काय करायचं ठरलं होतं तेच तो विसरला.

"मी दुपारीच उत्तर दिलं," खुशनुमा पुढं म्हणाली. "मी त्यांची मुलगी आहे, माझ्या वडिलांचा आवाज तुम्ही मला शिकवू नका. लोकांनीही धुतला त्याला. साठ जणांनी तक्रार केली."

"कोण मेला तो?" गौहर खाटेवरून म्हणाली. "बिमार माणसाच्या जिवावर उठतेत लोकं. त्याला म्हणावं, माझ्यासमोर येऊन बोल. ह्या आवाजावर मी जिंदगी काढली."

खुशनुमानं वडिलांकडे पाहिलं. आता 'हौ' म्हणायचं होतं. हैदरनं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. गाठीला दोष देऊन उपयोग नाही, त्या संध्याकाळी त्याला बोलता येत होतं. मंगळवारी पुंजारामचा फोन आला. लिहिलेलं सगळं उडालं होतं. "आता कुनी लिवून भागत नाय, हैदरभाई," तो म्हणाला. "तुमीच बोला. अन् बोलताल ते फोनमधी भरून ठिवा."

बुधवारी हैदरला दवाखान्यात भरती केलं. सकाळभर तपासण्या झाल्या, कागदांवर सह्या झाल्या. दुपारी गौहर असरच्या नमाजासाठी खाली गेली आणि वॉर्डात बापलेक दोघंच राहिले. समोरच्या खाटेवर सोयगावकडचा एक म्हातारा शेतकरी होता, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बेटा, फोन काढ," हैदर म्हणाला. "माझा आवाज भरून घे."

खुशनुमानं काही न विचारता फोन त्याच्या तोंडासमोर धरला. तो उशीला टेकून बसला. काय बोलायचं हे त्यानं दोन दिवस ठरवलं होतं, गौहरसाठी चार शब्द, मुलीला दुवा, आणि शेवटी ती गोष्ट. पण तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच आलं नाही. लिलाव आला. पुंजारामचा पहिला ट्रॅक्टर, लाल कांदा, बारीक गोलटी नाही, माल बघून बोला. आकडे चढायला लागले तसा घशातून कुठूनतरी जुना जोर आला. आवाज फाटत होता, खरखरत होता, पण दर आकड्याच्या शेपटीला तीच लांब तान होती जिच्यावर वैजापूरचे व्यापारी हात वर करायचे. पलीकडच्या वॉर्डातली नर्स दारात येऊन थांबली. सोयगावच्या म्हाताऱ्यानं कूस बदलली. एक वार, दोन वार, तीन वार, असं पुकारून हैदर थांबला तेव्हा त्याला घाम फुटला होता.

"कोनत्या मार्केटचं म्हनायचं?" म्हातारा म्हणाला. "लई दिसांनी असा पुकारा ऐकला."

हैदर हसला. छातीत धाप लागली होती, पण त्याला हलकं वाटत होतं. "भरला?" त्यानं मुलीला विचारलं.

खुशनुमा रडत होती. तिनं फोन मांडीवर ठेवला. "नाय अब्बू. मी बटण दाबलंच नाय. असा फाटलेला आवाज अम्मीनं ऐकला तर ती खचून जाईल. आम्हाला बिमारीचा आवाज नको. तुमचा खरा आवाज हाय ना आपल्याकडं, तोच ठेवू."

तिचं काही चुकलं नव्हतं. लहानपणापासून जे कानावर पडलं, त्यावर तिनं विश्वास ठेवला आणि बापाची लाज राखायला गेली. हैदरनं तिचा हात धरला. आवाज आता पार बसला होता, निघत होती ती नुसती कुजबूज.

"तो माझा नाय बेटा. पिक्चरमधला. दुसरा मानूस बोलला. गोकुळच्या नावानं लिवलं तो पुंजाराम होता. मीच लिवायला लावलं त्याला."

खुशनुमानं त्याच्याकडे पाहिलं. तिनं लगेच विश्वास ठेवला, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"मग तुमचा कोणता?" तिनं विचारलं.

"आत्ता ऐकलास तो."

तिनं झटकन फोन उचलला. घाईत दोनदा चुकून भलतंच उघडलं. मग लाल ठिपका लागला आणि तिनं फोन त्याच्या ओठांशी नेला. "बोला अब्बू. परत बोला. तेच म्हणा, पुंजारामकाकांचा ट्रॅक्टर."

हैदरनं जीव एकवटून पुकारायचा प्रयत्न केला. ओठ हलले, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि बाहेर नुसती हवा आली. त्यानं पाणी घेतलं, पुन्हा केलं, पुन्हा हवाच. कुजबुजता येत होतं, पण कुजबुजताना सगळी माणसं सारखीच. नर्स आत आली आणि म्हणाली की आता एक शब्दही बोलायचा नाही, सकाळी सातला घेऊन जायचंय.

खुशनुमानं तरी फोन मागं घेतला नाही. एक मिनिट बारा सेकंद तिनं त्याचा श्वास भरून घेतला, आणि त्याला 'अब्बू' असं नाव देऊन ठेवला.