आबासाहेबांचा रिवाज

धुकं एवढं दाट होतं की वाटाण्याच्या शेतातून प्रधानाचं, म्हणजे गावच्या सरपंचाचं, घर दिसत नव्हतं. प्रधानाचा आवाज मात्र पार बांधापर्यंत पोचत होता. त्यात आपल्या पुतणीचं नाव ऐकू आलं, तशी आबासाहेबांनी पाण्याची मोटर बंद केली आणि चिखलाच्या पायांनीच निघाले.

उत्तरेत टहरौलीकडच्या त्या गावात मराठी माणसांचं ते एकच घर. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि परत जायचं राहून गेलं. त्या घरातली ही पुतणी, मयुरा, आता इंजिनियर झाली होती. घरांच्या नकाशांवर स्वतः सही करायची तर तिला लायसन हवं होतं आणि त्यासाठी एका पुऱ्या केलेल्या कामाचा दाखला, मालकाच्या सहीचा. काम होतं प्रधान देवेंद्रच्या बैठकीच्या खोलीचं. म्हणजे पोरीचं नशीब या तोंडाळ माणसाच्या पेनात अडकलं होतं.

"बिन्नू, जे बल्लियाँ आजई हटवाओ!" आबासाहेब पोचले तेव्हा देवेंद्र मयुरावर ओरडत होता. पोराच्या लग्नाचा हलवाई बसवायला नव्या छताखालचे टेकू त्याला आजच काढून हवे होते. "कल हलवाई आ रओ है. मोड़ा को ब्याओ है!"

"प्रधानजी, छत अभी कच्ची है. इतनी ठंड में टाइम लगता है."

"तो हम दस्तखत नईं करहैं. बनवा लो लाइसेंस!"

मयुराचे डोळे भरून आले. "काका, सांगा ना यांना. छत पडलं तर लायसनचं काय, लोकांचे जीव जातील."

"रडू नको. तू फक्त मान हलव," आबासाहेब मराठीत म्हणाले. ही भाषा गावात तिसऱ्या कुणाला कळत नाही, हे मोठं सुख होतं. मग ते देवेंद्रकडे वळले. "हटवा दो, भैया. बस, हमारे मराठियों का रिवाज कर लो. टेकू निकलते वक्त घर का मालिक छत के नीचे बैठकर खीर खाता है."

मयुराने काकांकडे पाहिलं. असला रिवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. तिने गंभीरपणे मान हलवली.

"हओ! बैठ जैहैं!" देवेंद्र छाती काढून म्हणाला. आरडाओरडा ऐकून जमलेल्या सगळ्या गावासमोर नाही कसं म्हणणार? खीर आली. पाटावर प्रधान बसले. आबासाहेबांनी मिस्त्रीला हळूच डोळा मारला. मिस्त्रीने टेकूवर नुसती हातोडी टेकवली, टक् करून. फळीवरची चिमूटभर सिमेंटची भुकटी थेट खिरीत पडली.

देवेंद्र वाटी टाकून अंगणात. वयाच्या मानाने फार चपळ निघाला.

"हलवाई नीम के नीचे बैठ जैहै," तो धापा टाकत म्हणाला. "हवा भी अच्छी है."

लग्न अंगणातल्या मांडवात झालं. थंडी ओसरली, छत पक्कं झालं आणि मयुराने टेकू काढायचा दिवस ठरवला. सगळं गाव जमलं. देवेंद्रच्या हातात खिरीच्या दोन वाट्या होत्या.

"कक्का, रिवाज तो तुमाओ है," तो गोड हसला. "पहले तुम बैठो. इंजिनियर के संगै."

आबासाहेबांचा चेहरा उतरला. मयुरा आधीच पाटावर बसली होती आणि शेजारच्या पाटावर थोपटत होती. ते बसले.

"पक्कं आहे ना गं?" त्यांनी तोंड न हलवता विचारलं.

"खीर खा, काका."

"अगं, पण हिशेब नीट केला होतास ना? कॉलेजात किती मार्क होते तुला?"

टेकू पडू लागले. प्रत्येक आवाजाला आबासाहेब राम म्हणत होते, मयुरा मात्र चमच्याने बदाम शोधत होती. शेवटचा टेकू पडला. छत तसूभर हललं नाही. मयुराने वर पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की वाटी तशीच हातात राहिली. देवेंद्रने वाजतगाजत सही केली आणि पुढे लायसनही आलं. तिने ते काच लावून भिंतीवर टांगलं.

ते बघायला मात्र आजवर कुणी आलेलं नाही. पार दूरच्या एरच गावापर्यंतचे लोक घर बांधायचं ठरलं की दारात येऊन एवढंच विचारतात, "बिन्नू, नीचे बैठहो?"

"बैठेंगे," मयुरा आतूनच ओरडते. "काका भी बैठेंगे!"

आबासाहेबांनी घरात खीर करायला बंदी केली आहे.