थोरलीचा कप

थोरली इस्पितळात भावाच्या खोलीत शिरली ती तोंड वाजवतच. "जिवंत आहेस म्हणायचा."

"तुझी निराशा झाली असेल," धाकटा उशीवरून म्हणाला.

अकरा वर्षं ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि दोष सगळा त्याचा. थोरलीच्या हातांवर पाचव्या वर्षापासून कोड. ते कुणाला लागत नाही, हे डॉक्टरांनी दहादा सांगून झालेलं. पण आईच्या डोक्यात बसलं ते बसलं. थोरलीचा कप वेगळा, ताट वेगळं, तिचं उष्टं कुणी खायचं नाही, कुणाचं उष्टं तिला द्यायचं नाही. आई गेल्यावर धाकट्याने तोच कित्ता गिरवला. स्वतःच्या लग्नाच्या जेवणात सख्ख्या बहिणीला कोपऱ्यात एकटीला वाढलं. ती भरल्या ताटावरून उठली. पुढे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कापड बेतत राहिली, भावाकडे फिरकली नाही.

आता अडला हरी. धाकट्याला परक्याची किडनी बसवलेली, ती टिकावी म्हणून औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती दाबलेली. हर्पिसच्या कुळातला एक विषाणू बहुतेकांच्या अंगात निमूट पडून असतो. त्याने संधी साधली आणि मानेत कॅन्सरची गाठ आली. नेहमीच्या औषधांना ती दाद देईना. डॉक्टरीणबाईंकडे एक नेमका उपाय होता. त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातून घ्यायच्या, वाढवायच्या आणि रोग्याला द्यायच्या. त्या गाठीला हुडकून मारतात. साठवलेल्या परक्या पेशी जुळल्या नव्हत्या. पोरबाळ नाही. उरली थोरली.

"वन्सं, पाया पडते तुमच्या," भावजय म्हणाली.

"तू नको पडूस. ह्याला बोलू दे. म्हण, कोड लागत नाही हे मला ठाऊक होतं. मग देते रक्त."

धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. थोरली खुर्ची ओढून बसली; तिला कसली घाई? भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "ठाऊक होतं. लोक काय म्हणतील, म्हणून तसा वागलो."

तिला वाटलं होतं, हे ऐकून काळीज थंड होईल. उलट राग दुप्पट झाला. म्हणजे आई निदान खरंच घाबरत होती, ह्या मेल्याला तर भीतीसुद्धा नव्हती. तरी तिने बाही वर केली आणि तपासणीला रक्त दिलं. शब्द म्हणजे शब्द.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "तुमच्या अंगात तो विषाणू कधी शिरलेलाच नाही. मग त्याला ओळखणाऱ्या पेशी कुठून येणार? असं फार कमी मोठ्या माणसांत दिसतं. तो थुंकीतून पसरतो. घरात एकमेकांच्या कपातलं पिता पिता लहानपणीच होऊन जातो." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "तुम्ही कधी कुणाचं उष्टं..."

भावजयीने तोंडाला पदर लावला. धाकट्याने हात लांबवून स्वतःचा अर्धा प्यालेला पाण्याचा पेला उचलला आणि बहिणीपुढे धरला. "पी."

"त्याचा उपयोग नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "विषाणू शिरून रक्ताला त्याची ओळख पटायला महिने जातात. एवढे महिने ह्यांच्याकडे नाहीत."

त्याने पेला खाली ठेवला नाही. पाणी चादरीवर सांडत होतं. थोरलीला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं.

"जन्मभर दिलं नाहीस," ती म्हणाली, आणि तिने पेला घेतला नाही.